सहा आठवड्यांच्या बाळाचे कसले मणके सरकतात?

आज सकाळी इथल्या, मेलबर्नच्या, आपल्या आयांच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "बाळ पाच आठवड्यांचं आहे, रोज संध्याकाळी तीन-तीन तास रडतं, कायरोप्रॅक्टरकडे नेऊ का?" कायरोप्रॅक्टर म्हणजे मणके दाबून, वळवून उपचार करणारा. दहा मिनिटांत चौघींनी "ने गं, आमच्याला लगेच फरक पडला" म्हणत पत्तेसुद्धा दिले. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

2017 साली मीही नेलं होतं लेकाला. मेलबर्नमध्ये नवीन, घरात आम्ही दोघंच, आई पुण्यात. "जन्मताना मानेचे मणके दबलेत," असं त्या माणसाने सांगितलं आणि पेनासारखं स्प्रिंगचं यंत्र सहा आठवड्यांच्या मानेला टेकवलं. टक्. लेकाची मूठ एकदम उघडली, पाची बोटं ताठ झाली, हनुवटी थरथरली. मी तिथेच उभी होते आणि वर पैसे देऊन आले. तीनदा.

बाराव्या आठवड्यात रडणं थांबलं. मी आनंदाने दोघींना त्याचा पत्ता दिला. ते रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, हे मला नंतर कळलं. आई व्हिडिओ कॉलवर हेच सांगत होती, "तीन महिने काढ गं, बसेल आपोआप." फुकट मिळणारी इथली चाइल्ड हेल्थ नर्सही तेच म्हणाली होती. ऐकलं कुणाचं? पॅकेज विकणाऱ्याचं!

2019 मध्ये इथल्याच एका कायरोप्रॅक्टरचा दोन आठवड्यांच्या बाळाला पायाला धरून उलटं टांगल्याचा व्हिडिओ गाजला. त्यानंतर कायरोप्रॅक्टरांवर देखरेख करणाऱ्या त्यांच्याच बोर्डाने सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांना हात लावू नका. नोव्हेंबर 2023 मध्ये ती बंदी गुपचूप उठवली. ऑस्ट्रेलियातले आरोग्यमंत्री चिडले, तेव्हा जून 2024 मध्ये परत घातली. बाळांच्या मानेवर असला खेळ?

हो, मान्य, त्या व्हिडिओनंतर आपल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने केलेल्या चौकशीत मोठ्या इजेच्या तक्रारी फारशा सापडल्या नाहीत. वीस हजारांवर पालकांनी मतं कळवली, बहुतेकांनी चांगलंच म्हटलं. अहो, तेव्हा मला विचारलं असतं तर मीही "फरक पडला" म्हणूनच लिहिलं असतं! पण पोटशूळ, कानदुखी, अंथरूण ओलं करणं यांवर याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा त्याच चौकशीत मिळाला नाही. आणि आपल्याकडच्या मालिशवाल्या मावशी बाळाला पाय धरून उलटं करतात, तेही मला तितकंच चूक वाटतं. तेल लावा, शेक द्या, पण मान कशाला पिळायची?

त्या चौघींवर सकाळी खूप चिडले होते. आता लिहिता लिहिता राग उतरलाय. चार रात्री न झोपलेली बाई कुठलंही दार ठोठावते, मीही ठोठावलं. राग आहे तो त्या दारामागे पैसे मोजत बसलेल्यांचा. लेक आता क्रिकेट खेळतो, धडधाकट आहे, तरी त्याच्या मानेला तेल लावताना ती उघडलेली मूठ अजून दिसते.

ज्या दोघींना मी पत्ता दिला होता, त्यांना आज फोन करून माफी मागितली.

आणि ग्रुपवरच्या तुला सांगते गं, बाळाला ताप असेल, दूध ओढत नसेल, हिरवी उलटी होत असेल तर थेट डॉक्टरकडे ने. नसेल तर संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते. बाळाला माझ्याकडे आणून दे, रडू दे माझ्या खांद्यावर. तू आतल्या खोलीत दोन तास झोप.