जिप्सीला मोठं इंजिन का बसवून दिलं नाही: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की दोन लिटरचं डिझेल इंजिन बसवून मागितलं तर ताईंनी, म्हणजे मी, लेक्चर दिलं. वर टायर आणि क्लचचं ६१ हजारांचं बिल केलं. मग मावळात पहिल्याच पावसाळी फेरीत जिप्सी भाताच्या खाचराशेजारी रुतली, बाजूने एक थार आरामात निघून गेली, आणि शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने टोचन लावून बाहेर काढलं. "८० हॉर्सपॉवरमध्ये ऑफ-रोडिंग होत नाही हे यांना कळत नाही," हे शेवटचं वाक्य. त्या एका वाक्यावर माझं म्हणणं आहे. बाकी बरंचसं तुम्ही खरं लिहिलंय.

आधी आमची चूक सांगते. रिव्ह्यूसोबत तुम्ही चार फोटो टाकलेत. तिसऱ्या फोटोत पुढचं डावं चाक दिसतं. मोठं करून बघा, चाकाच्या मधोमध असलेल्या हबवरचा बाण 'फ्री'वर आहे. तुमच्या गाडीला आधीच्या मालकाने हाताने फिरवायचे हब बसवलेत. ते 'लॉक' केल्याशिवाय आतला फोर व्हीलचा दांडा कितीही ओढा, पुढच्या चाकांना ताकद जात नाही. एकच हब फ्री राहिला तरी तेच. पुढचा डिफ, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा गिअर, लॉक नसलेला असल्यामुळे सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला नुसता फिरत राहतो आणि दुसरं चाकही स्वस्थ उभं. म्हणजे दादा, त्या दिवशी तुम्ही फोर बाय फोर चालवतच नव्हता. तुमच्याकडे मागची दोन चाकं होती, आणि चिखलात त्यातलं एकच.

बेअरिंगला ग्रीस भरायला हब आम्हीच उघडले होते. गाडी तुमच्या ताब्यात देताना खाली बसून दाखवायला हवं होतं की हे असं फिरवायचं, दोन्ही बाजूंना. आमच्या गॅरेजमधल्या मुलाने दाखवलं नाही, मी विचारलं नाही. तुम्ही गाडी घेऊन दोनच महिने झाले होते हे मला माहीत होतं, त्यामुळे ही चूक शंभर टक्के आमची. ट्रॅक्टरचे जे पैसे दिलेत ते मी परत करते.

आता इंजिन.

मावळात तुम्हाला ओढून काढणारा ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा होता, विचारलंत का? आपल्याकडे भातशेतीत फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर ३५ ते ४५ चे असतात. म्हणजे तुमच्या जिप्सीच्या निम्म्याने. त्याच चिखलात उभं राहून त्याने तुमची गाडी ओढली. त्याचं वजन, नांग्यांचे मोठे टायर आणि अगदी सावकाश गिअर, या तिघांनी ते काम केलं.

जिप्सीचा हिशोब मी त्या दिवशी कागदावर मांडला होता, तेच तुमच्या मते लेक्चर. परत मांडते, इथे निदान बाकीचेही वाचतील. १.३ लिटरच्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, शंभर न्यूटन मीटरच्या जरा वर. पहिला गिअर, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) लो रेंज, म्हणजे सावकाश गिअर, आणि डिफ मिळून तो तीस पटीच्या आसपास वाढतो. चाकाशी झाले तीन हजार. टायरची त्रिज्या ३३ सेंटीमीटर धरली तर गाडीला पुढे ढकलणारा जोर ९०० किलोच्या घरात जातो. घर्षणात थोडा गेला, ८०० धरा. तुम्ही दोघं आणि सामान धरून गाडी भरली १,२०० किलो. ओल्या भाताच्या चिखलात टायरला वजनाच्या एक तृतीयांश पकड मिळाली तरी नशीब, म्हणजे ४०० किलो. जमीन ४०० झेलणार आणि इंजिन ८०० द्यायला तयार. मी तिथे दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं असतं तर चाक दुप्पट जोरात जागच्या जागी फिरलं असतं. पाय दाबला की चाक विहीर खणतं, हे तुम्ही स्वतः बघितलंच आहे.

आणि हब फ्री असल्यामुळे त्या ४०० चे २०० सुद्धा उरले नव्हते.

थारचं म्हणाल तर ती २०२० नंतरची असेल तर पेट्रोलमध्ये १५० हॉर्सपॉवर आहे, मान्य. पण ती जिप्सीपेक्षा सहा-सातशे किलो जड आहे. ती निघून गेली याचं श्रेय मी आधी तिच्या चारही चाकांना देईन, मग रुंद टायरना. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर त्याला. हॉर्सपॉवरचा नंबर त्यानंतर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला २.२ लिटरमध्ये ६० हॉर्सपॉवर होती. माझे बाबा तशाच जीपवर काम शिकले, आणि ते म्हणायचे की गाडी अडकली की आधी खाली उतरून चाक बघ, बॉनेट नंतर उघड. (त्यांच्या काळी बॉनेट उघडूनही फार काही मिळायचं नाही, हेही खरं.)

तुमचं एक म्हणणं मात्र मी तेव्हा उडवून लावलं, ते चुकलं. तुम्ही लेहचं बोलला होता. उंचीवर हवा विरळ होते, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. खारदुंगला पाच हजार मीटरच्या वर आहे. तिथे तुमच्या ८० मधल्या ४५ च्या आसपास उरतील. भरलेली गाडी, चौघं माणसं, समोर ट्रक, अशा वेळी गाडी रडते. वाळूचंही तसंच. जैसलमेरच्या टेकाडांवर चाक फिरतं ठेवावं लागतं, वेग तुटला की गाडी बसली. तिथे ताकद लागते. आणि एक्स्प्रेसवेवर एसी लावून खंडाळ्याचा घाट चढताना लागते, ते तर तुम्ही दर शनिवारी भोगताय. या जागी तुम्ही बरोबर आहात. शिवाय हे इंजिन टॉर्क देतं साडेचार हजार आरपीएमच्या आसपास, खाली ते झोपलेलंच असतं. म्हणून लो रेंज.

तरीही डिझेल बसवणार नाही. ते इंजिन नुसतं मोठं नाही, जडही आहे. ते वजन पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येणार. जिप्सीचा गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल शंभर न्यूटन मीटरच्या हिशोबाने बनलेत. त्यांच्यात तिप्पट टॉर्क ओतला की आधी युनिव्हर्सल जॉइंट (फिरत्या दांड्याचा सांधा) जातो, मग अ‍ॅक्सलची दांडी, आणि तीही पुण्यात नाही, जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे. मग ब्रेक वाढवा, पाट्या वाढवा, गिअरबॉक्स बदला. त्या पैशात दुसरी गाडी येते. कागदपत्रांचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल मनाने करता येत नाही, आरटीओची परवानगी लागते, आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलावे लागतात. हे न करता "बसवून देतो साहेब" म्हणणारे तुम्हाला भेटतील. अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाल्यांपुढे ते उभे राहणार नाहीत.

दर शनिवारी हायवे आणि वर्षातून एकदा लेह हाच तुमचा बेत असेल तर मी म्हणेन जिप्सी विका, चांगला भाव येतोय. सह्याद्रीत फिरायचं असेल तर ठेवा. पुढचा खर्च मागच्या डिफ लॉकवर करा, आणि एक चांगला हवेचा पंप घ्या. तुमच्या फोटोत टायर टम्म फुगलेले दिसतायत, हायवेची ३० पाउंड हवा तशीच होती ना? चिखलात १६-१८ वर आणायची, डांबराला लागलात की परत भरायची. हे फुकट आहे आणि फरक लगेच कळतो.

शनिवारी सकाळी नऊच्या आत गाडी आणा, दहानंतर रॅम्प मोकळा मिळत नाही. हब मी स्वतः दाखवते. इंजिनाचं कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजून देते, पैसे नकोत. इंजिन खरंच थकलेलं निघालं तर तसं सांगेन, ते मी आधीच तपासायला हवं होतं.

आणि ज्यांच्या खाचराशेजारी गाडी रुतली त्या काकांना एक फोन करा. फोटोत बांधाची कड खचलेली दिसतेय, आवणी नुकतीच झालेली आहे, पाणी निघून गेलं तर रोपं जातील.