‘आधी स्वतःला सावरा, मग मोकळं व्हा’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नवराबायकोनं एकमेकांशी मन मोकळं करावं या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला स्वतःबद्दलच कमीपणा वाटतो त्यानं आधी स्वतःला सावरावं, मग मन उघडं करावं, नाहीतर आज सांगितलेलं उद्या भांडणात टोमणा होऊन परत येतं. आणि मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत, आईवडिलांदेखत, नवराबायकोनं बोलायचं तरी कुठं?

टोमण्याची भीती खरी आहे, ती लेखात यायलाच हवी होती. क्रम मात्र मला पटत नाही. कमीपणा वाटणाऱ्याला माया मिळत असते, पण ती त्याच्या आत पोचत नाही. बायको म्हणते, “हिशेब चोख लावलात,” की हा लगेच, “त्यात काय एवढं!” चार वेळा असं झालं की ती बोलायचीच थांबते. कॅनडातल्या मेरिगोल्ड, होम्स आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 2007 साली नेमकं हेच तपासलं. जोडीदारानं केलेलं कौतुक नुसतं आठवून उपयोग झाला नाही. त्याला आपल्यात काय आवडलं आणि नात्यासाठी त्याचा अर्थ काय, हे लिहिल्यावर कमी आत्मसन्मानाच्या माणसांना ते लागू पडलं. म्हणून सुरुवात इथून करा. “बरं वाटलं” एवढंच म्हणा, रात्री दोन ओळी लिहा.

सांगायची वेळ आली की एक प्रसंग, एक भावना, एक मागणी: “काल पाहुण्यांत पगाराचा विषय निघाला, मला ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या वेळी विषय बदलशील?” “तू नेहमीच…” नं सुरुवात केली की ऐकणारा बचावाला लागतो. त्याहून घातक म्हणजे “मी तुला आवडतो ना?” हे सारखं विचारणं. ‘हो’ म्हटलं तरी समाधान घटकाभरच टिकतं, पुन्हा विचारलं जातं, समोरचा कंटाळतो, आणि तो कंटाळाच पुरावा वाटतो! ऐकणाऱ्यानंही आधी विचारावं, “सल्ला हवा की नुसतं ऐकू?”

जागेचं म्हणाल तर जेवणानंतर रंकाळ्याला फेरी मारा. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. भांडण तापलेलं असेल तर निदान 20 मिनिटं विषयच नको.

पहिल्यांदा लहानशीच गोष्ट सांगा आणि तिचं काय होतं ते बघा. टोमणा झालाच, तर राग निवल्यावर एकदा स्पष्ट सांगा, “ते विश्वासानं सांगितलं होतं.” तरी पुन्हापुन्हा तेच होत असेल, किंवा हात उगारला जात असेल, तर तिथं मन उघडं करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोलता येतं, मराठीतही.