टोपी लावल्यावर वास गेला, पण कुठे?

काका, कमेंट रोखठोक आहे, आवडली. तुमचं म्हणणं असं की गच्चीवरचा व्हेंट पाईप (संडास-बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाईपचं गच्चीवर उघडं सोडलेलं टोक) म्हणजे नुसतं वास सोडायचं धुराडं, तुमच्या सोसायटीत त्याला पीव्हीसीची टोपी सोल्युशन लावून चिकटवली, वास गेला, आणि मागच्या पोस्टमध्ये 'ते टोक बंद करू नका' म्हणत मी उगाच लोकांना घाबरवतोय.

धुराडं म्हणालात तिथेच गडबड आहे. वास तो सोडतोच, पण त्याचं मोठं काम हवा आत घ्यायचं. गोडेतेलाचा १५ किलोचा डबा आठवा, एकच भोक पाडलं की तेल गचके खात पडतं म्हणून आपण दुसरं पाडतो ना, तसंच. वरच्या मजल्यावर फ्लश केला की खाली पडणारं पाणी मागे हवा ओढतं, ती गच्चीवरून मिळाली नाही तर मधल्या कुणाच्या तरी नहाणी ट्रॅपमधून (बाथरूमच्या जाळीखालचा, पाणी साठून राहणारा भाग) ओढली जाते, आणि त्या ट्रॅपमध्ये गटाराची हवा अडवणारं साठलेलं पाणी, म्हणजे सील, असतं किती, तर ५० मिलीमीटर, जेमतेम तीन बोटं. तेवढं गेलं की गटार आणि बाथरूममध्ये आडपडदाच नाही. (नहाणी शब्द आपला, पण इंग्रजी टेंडरमध्येसुद्धा 'नहाणी ट्रॅप'च लिहितात, मला जाम मजा वाटते.)

घाबरवतोय म्हणालात ते मी दिलेल्या हाँगकाँगच्या उदाहरणामुळे असणार. २००३ मध्ये तिथल्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सच्या (श्वसनाचा साथीचा आजार) ३०० हून जास्त केसेस झाल्या, तपासात बाथरूमचे सुकलेले ट्रॅप निघाले, त्यात एक्झॉस्ट फॅन लावला की पाईपमधली हवा थेट घरात. तिथे कुणी टोपी लावली नव्हती हे कबूल, पाणी न पडल्याने ट्रॅप सुकले होते. पण सील कशानेही गेलं तरी भोक उघडंच की.

एक चूक मात्र माझी. नहाणीत गुडगुड म्हणजे व्हेंटच बंद, असं मी ठोकून दिलं होतं. केस-साबणाने ब्रँच लाईन (नहाणीपासून मुख्य पाईपपर्यंतची आडवी नळी) अर्धी तुंबली तरी तसाच आवाज येतो. आणि अगदी खालच्या मजल्यावर तर उलटंच, पाईपच्या वळणाशी पाणी आपटून हवा दाबली जाते आणि ट्रॅपमधलं पाणी वर उसळतं.

तर टोपी कापून काढा, जाळीवाला काऊल (हवा जाऊ देणारं झाकण) बसवा, गच्चीवर वास येत असेल तर पाईप अजून उंच न्या. त्याआधी एक करा, वरच्या दोन मजल्यांवर एकदम फ्लश करायला सांगा आणि मधल्या मजल्यावरच्या नहाणीत टॉर्च मारून पाणी हलतंय का बघा. आणि किचनची लाईन वेगळी आहे की संडासच्याच पाईपला जोडलीय, तेवढं कळवा.