बर्जेस, ब्यूट आणि कागदावर राहिलेली जे. जे.

विल्यम बर्जेसची गोष्ट सांगताना त्याच्या नशिबाचा उल्लेख हटकून केला जातो. एका गडगंज उमरावाची मर्जी बसली, तिजोरी उघडली आणि या व्हिक्टोरियन वास्तुरचनाकाराला मनाजोगते बांधता आले, असे त्याच्या कारकिर्दीचे सार सांगितले जाते. वेल्समधील कार्डिफचा किल्ला आणि त्याच्या उत्तरेला डोंगरउतारावर उभा असलेला कास्टेल कोख, म्हणजे वेल्श भाषेतला ‘तांबडा किल्ला’, हे त्याने त्या उमरावासाठी घडवलेले दोन्ही किल्ले पाहून आल्यापासून हे सार मला अपुरे वाटते. मार्क्वेस ऑफ ब्यूट या त्या उमरावाच्या पैशापेक्षाही बर्जेसच्या कामी आला तो ब्यूटचा धीर, असे माझे ठाम मत आहे.

पैशाची ददात बर्जेसला मुळात नव्हतीच. वडील आल्फ्रेड बर्जेस हे सुस्थितीतले अभियंता होते, त्यामुळे तरुणपणी फ्रान्स, इटली, थेट तुर्कस्तानापर्यंत हिंडून मध्ययुगीन इमारती डोळ्यांखालून घालणे त्याला परवडले. वाट्याला येत नव्हती ती बांधकामे. १८५६ मध्ये फ्रान्समधील लीलच्या कॅथीड्रलच्या स्पर्धेत हेन्री क्लटनच्या जोडीने त्याने पहिला क्रमांक मिळवला, पण त्यांचा आराखडा बांधला गेला नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या क्रिमिया स्मारक चर्चची स्पर्धा जिंकली, तर काम अखेर जॉर्ज एडमंड स्ट्रीट या दुसऱ्या वास्तुरचनाकाराकडे गेले. लंडनच्या न्यायालयांसाठी १८६७ मध्ये त्याने आराखडा दिला, तेही काम स्ट्रीटलाच मिळाले. याच यादीत आपली मुंबईही आहे. १८६६ मध्ये बर्जेसने जे. जे. कलाशाळेच्या इमारतीचा आराखडा तयार केला होता आणि तोही कागदावरच राहिला. फोर्टातून चालताना ही न झालेली इमारत मला दर वेळी आठवते आणि दर वेळी हळहळ वाटते. स्पर्धेतून मिळून पुरे झालेले त्याचे मोठे काम म्हणजे आयर्लंडमधील कॉर्कचे सेंट फिन बार कॅथीड्रल. त्यासाठी १५,००० पौंडांची मर्यादा होती आणि खर्च १,००,००० पौंडांच्या पुढे गेला. हा माणूस काटकसरीचा नव्हता, हे मान्यच करायला हवे.

ब्यूटची आणि त्याची भेट १८६५ मध्ये झाली. बर्जेस सदतीस-अडतीस वर्षांचा, ब्यूट जेमतेम सतरा-अठराचा. वडील वारले तेव्हा ब्यूट सहा महिन्यांचा होता. ब्यूट घराण्याच्या कार्डिफमधल्या गोद्यांपैकी एका गोदीच्या कामात आल्फ्रेड बर्जेसची कंपनी होती, म्हणजे दोन्ही घरांची ओळख जुनी. पुढची सोळा वर्षे, बर्जेसच्या मृत्यूपर्यंत, ब्यूटसाठीचे त्याचे काम थांबले नाही. या सलगतेमुळे कारागिरांचा एक संच टिकून राहिला. थॉमस निकोल्सने दगड कोरायचा, होरेशिओ लॉन्सडेलने चित्रे काढायची, चॅपल आणि फ्रेम यांनी आराखडे आणि बांधकाम सांभाळायचे. एकेका निविदेपुरता जमलेल्या माणसांकडून असे काम होत नाही.

याचा पुरावा कार्डिफच्या ग्रंथालयातल्या शेकोटीवर आहे. तिथे पाच आकृत्या कोरल्या आहेत. चार आकृत्या ग्रीक, इजिप्शियन, हिब्रू आणि असिरियन लिपींच्या आहेत आणि पाचवी केल्टिक साधूच्या वेशातला खुद्द ब्यूट असल्याचे सांगतात. अनेक भाषा जाणणाऱ्या, पुस्तकांत रमणाऱ्या मालकाची इतकी नेमकी ओळख दगडात उतरवायला त्याच्याबरोबर वर्षे काढावी लागतात. कास्टेल कोखच्या दिवाणखान्यातही मी असाच थबकलो. शेकोटीवर निकोल्सने घडवलेल्या तीन दैवदेवता आहेत, एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी मापते, तिसरी तोडते. भिंतींवर इसापाच्या गोष्टी आहेत आणि मान वर केली की घुमटाकार छतात पाखरे नि फुलपाखरे. मृत्यूची आठवण आणि लहान मुलाचे कुतूहल एकाच खोलीत मावू शकते, हे मला तिथे उभे राहिल्यावरच पटले.

हा पैसा कोळशाचा होता, हे मी विसरू इच्छित नाही. दक्षिण वेल्सच्या खाणींतून आणि कार्डिफच्या गोद्यांतून राबणाऱ्या माणसांच्या कष्टांवर ब्यूटची संपत्ती उभी होती आणि कास्टेल कोखमध्ये तर हे कुटुंब फारसे राहिलेही नाही. या गोष्टीने मला अस्वस्थ केले आणि आजही करते. कारागिरांना मिळालेल्या कामाने त्याची भरपाई होते, असे मी म्हणणार नाही. मात्र १९४७ मध्ये कार्डिफचा किल्ला शहराला देण्यात आला आणि आज त्या शेकोटीसमोर कुणीही तिकीट काढून उभे राहू शकतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

१८८१ च्या वसंतात कार्डिफच्या कामावर असताना बर्जेसला थंडी बाधली. अर्धांग लुळे पडलेल्या अवस्थेत तो लंडनच्या आपल्या टॉवर हाउसमध्ये परतला आणि २० एप्रिलला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तिथेच वारला. कास्टेल कोखचे काम त्याच्या माणसांनी त्याच्या आराखड्यांबरहुकूम पुढे चालवले आणि १८९१ मध्ये पुरे केले. कार्डिफला त्याच्या हातची शेवटची खोली होती अरब खोली. ब्यूटने तिथल्या शेकोटीवर बर्जेसची आद्याक्षरे आपल्या आद्याक्षरांसोबत कोरवून घेतली.