तत्त्व नको, मुद्दल द्या

काही वर्षांपूर्वी गृहकर्जातली थोडी रक्कम मुदतीआधी फेडावी म्हणून बँकेला इंग्रजीत पत्र लिहिलं. जेमतेम चार ओळी. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी मी ए-एल ऐवजी एल-ई लिहिलं होतं. "दादा, तत्त्वं तुमच्याकडेच असू द्या. आम्हाला मुद्दल द्या." रांगेतले दोघं हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

आता वाटतं, त्यात लाजण्यासारखं काय होतं? आपण देवनागरीत वाढलेली माणसं. जसं ऐकू येतं तसं लिहितो, आणि ऐकायला दोन्ही 'प्रिन्सिपल' सारखेच. कॉम्प्युटरची लाल रेघही मदतीला येत नाही. तिच्या लेखी दोन्ही स्पेलिंगं बरोबरच असतात, चुकलेली असते ती जागा. (आणि हसणाऱ्यांनी एकदा 'दिन' आणि 'दीन' न चुकता लिहून दाखवावं. शिक्षकदिनाच्या फलकावर 'शिक्षक दीन' मी स्वतः वाचलंय. अर्थाने फारसं चुकलेलंही नव्हतं.)

व्हॉट्सअॅपवर 'गोंधळात टाकणारे पन्नास शब्द' अशा याद्या फिरतात. त्या वाचून माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. राहिल्या त्या शब्दांच्या गोष्टी.

'स्टेशनरी'चंच घ्या. शेवटून तिसरं अक्षर ई असेल तर वह्या-पेनं, ए असेल तर जागेवरून न हलणारं. गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर हा ए सर्रास दिसतो आणि आपण नाकं मुरडतो. पण मध्ययुगात युरोपात पुस्तकं नि कागद विकणारे बरेचसे फिरते असत. विद्यापीठांच्या गावात ज्याचं एका जागी पक्कं दुकान असे, तो 'स्टेशनर'. त्याचा माल ती स्टेशनरी. म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार स्पेलिंग चुकला असेल, इतिहास नाही. दुकान हलत नाहीच त्याचं.

'प्रिन्सिपल'चंही तसंच. दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या 'पहिला' या अर्थाच्या शब्दात. व्याजाच्या आधीची रक्कम ती मुद्दल, शिक्षकांत पहिले ते प्राचार्य, विचाराची सुरुवात जिथून होते ते तत्त्व. फक्त तत्त्वाला एल-ई, बाकी मुख्य असेल त्याला ए-एल. एवढं पाठ करावंच लागतं, सुटका नाही.

यातली एक जोडी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. टँकरच्या पाठीवर लिहिलेलं असतं 'इनफ्लेमेबल'. शाळेत शिकलेल्या नियमाने 'इन' म्हणजे नकार, म्हणून हे न पेटणारं असा अर्थ कुणीही काढेल. पण इथला 'इन' नकाराचा नाही, पेटवणे या लॅटिन क्रियापदाचाच तो भाग आहे. हा गोंधळ इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होई, म्हणून 1920च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आपल्या टँकरांवर सरळ 'ज्वालाग्राही' लिहिलेलं दिसलं की मला बरं वाटतं.

कर्ज गेल्या महिन्यात फिटलं. शेवटचं पत्र त्याच काउंटरवर दिलं. मराठीत लिहिलं होतं.