आधी दार, मग स्पीकर, स्क्रीन सगळ्यात शेवटी

छोट्या गाडीत चांगला साउंड हवा म्हटलं की लोक समजावायला लागतात. "अहो, एवढीशी गाडी, तिला कशाला हा खर्च?" घरचे म्हणतात, मित्र म्हणतात, कधी कधी दुकानदारही म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. रोज चाकणला कामाला जाणारा, हिंजवडीच्या सिग्नलला अडकून पडणारा माणूस दिवसाचे दीड-दोन तास याच गाडीत काढतो. घरी टीव्ही चालू असतो, ऑफिसात फोन वाजत असतात. काचा वर करून निवांत गाणं ऐकायची त्याची हक्काची जागा म्हणजे ही गाडीच. तिथे आवाज चांगला असावा असं वाटणं ही चैन नाही, हौस असलीच तर फार रास्त हौस आहे.

आणि छोट्या गाडीत चांगला आवाज येऊच शकत नाही, हे तर साफ चूक. २०१६ साली टाटाची टियागो आली तेव्हा वरच्या व्हेरियंटमध्ये हरमनची सिस्टीम कंपनीतूनच बसवलेली होती, चार स्पीकर आणि चार ट्वीटर, म्हणजे वरच्या, बारीक स्वरांचे छोटे स्पीकर. ती हॅचबॅकच होती की. मनावर घेतलं तर होतं. पण बहुतेक छोट्या गाड्यांत किंमत आवरताना पहिली कात्री लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना. दारातला स्पीकर जाळीमागे असतो, शोरूममध्ये तो कुणी काढून बघत नाही. कागदी कोन (हलून आवाज काढणारा पडदा), प्लास्टिकची चौकट आणि मागे लहानसं मॅग्नेट. हातात घेतला तर वजनच लागत नाही.

मी ऐकतो ते मुख्यतः शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि अभंग. कंपनीच्या स्पीकरवर तबल्याचा डग्गा ऐकून बघा. बोटांचा आघात ऐकू येतो, पण त्यामागचा घुमारा, मनगट सरकवून ओढलेला तो स्वर, गायब. पखवाज तर पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. वरच्या बाजूला तानपुऱ्याची जवारी नुसती भुणभुण होऊन जाते. गाडी उभी असताना निदान थोडं तरी कळतं. एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर चढलात की टायरचा घों घों आवाज नेमक्या खालच्या पट्टीतला असतो, आणि डग्ग्याचं जे काही उरलं होतं तेही तो गिळतो. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, आवाज फाटतो, आणि खापर फुटतं गाण्याच्या रेकॉर्डिंगवर.

आता बाजारात काय होतं बघा. माणूस दुकानात जातो आणि सांगतो, साउंड चांगला करून द्या. दुकानदार आधी मोठी अँड्रॉइड स्क्रीन दाखवतो. मग मागच्या ट्रेवर सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकर, आणि पैसे उरले तर डिकीत बझूका, म्हणजे नळकांड्यातला मोठा बेस स्पीकर. या क्रमाला माझा ठाम विरोध आहे. स्क्रीन दिसायला छान, मॅप आणि रिव्हर्स कॅमेऱ्याला उपयोगी, पण तीच रक्कम स्पीकर आणि दारांवर घातली असती तर आवाजात जो फरक पडला असता त्याच्या पासंगालाही ती पुरत नाही. ओव्हल स्पीकरचा आवाज येतो पाठीमागून. मैफलीत आपण गायकाकडे पाठ करून बसतो का? शिवाय छोट्या गाडीचा मागचा ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा, त्यावर दोन जड स्पीकर. जोरात ब्रेक मारला तर ते उडून कुठे येतील याचा विचार करा.

वॉटच्या आकड्यांनाही भुलू नका. डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमच्या, खोक्यावर "५० x ४" छापलेलं असतं. गाडी चालू असताना डेकला मिळतात साधारण १४ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा. हिशेब मांडला तर स्वच्छ आवाजात एका स्पीकरला कागदावर पंचवीसेक वॉट मिळतात, प्रत्यक्षात पंधरा ते वीस. ५० हा आकडा निघतो तो लाट पार चौकोनी झाल्यावर, म्हणजे आवाज पुरता फाटल्यावर. मग दोनशे वॉट लिहिलेला स्पीकर घेऊन काय करणार? त्याऐवजी खोक्यावर सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटला स्पीकर किती जोरात वाजतो ते. ती डेसिबलमध्ये असते. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट पुरतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर न लावता डेकवरच चालवायचं असेल तर ९० च्या पुढचा स्पीकर घ्या, अ‍ॅम्पचा खर्च बहुतेकदा वाचतो.

पण खरी गोष्ट स्पीकरच्याही आधीची आहे, आणि ती म्हणजे दार.

स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतोही. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या उलट असतात. त्या एकत्र भेटल्या की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. घरातल्या स्पीकरला म्हणूनच लाकडी पेटी असते. गाडीत पेटीचं काम दाराने करायचं असतं, आणि दार काय आहे? बाहेरून पातळ पत्रा, आतल्या पत्र्याला मोठाली भोकं, त्यावर चिकटवलेला एक प्लास्टिकचा कागद. स्पीकर कितीही महागाचा लावा, त्याचा बेस त्या भोकांतून फिरून येऊन मरतो आणि वर पत्रा थरथरतो तो वेगळाच.

मी माझ्या गाडीचं काम शेजारी उभं राहून करून घेतलं. कारागिराने हँडलच्या खाचेतला स्क्रू काढला, डोअर पॅड खालून ओढून एकेक क्लिप सोडवली, प्लास्टिकचा कागद सोलला. त्याला लागलेला काळा डिंक हाताला चिकटतो, कपड्याला लागला तर निघत नाही. मग त्याने बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून दाखवलं. ठण्ण. पत्रा पुसून कोरडा केला, भोकातून हात आत घालून ब्यूटाइलच्या (वर फॉइल असलेल्या चिकट रबराच्या) शीटचे तुकडे बाहेरच्या पत्र्याला आतून लावले आणि छोट्या रोलरने दाबत गेला, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पुन्हा ठोकलं. ठप्प. त्याच पत्र्याचा हा आवाज आहे यावर विश्वास बसेना. नंतर आतल्या पत्र्याची भोकं बंद केली, लॉकच्या सळईला आणि वायरींना फोम गुंडाळला, काच वरखाली करून कुठे घासत नाही ना बघितलं. दोन्ही बाजू झाल्यावर दार लावलं तेव्हाचा आवाजसुद्धा बदललेला होता, भरीव.

इथे दोन गोष्टींवर अडून बसा. शीट ब्यूटाइलचीच हवी. स्वस्तात डांबरी शीट मिळते, ती मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात सैल पडते, वास मारते आणि दारात ओघळते. दुसरं, दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती चुकूनही बुजवू द्यायची नाहीत. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. त्याला वाट मिळाली नाही तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजायला लागेल. याच कारणाने स्पीकरखाली बसवायची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची) नको. पाणी पिऊन ती फुगते. मरीन प्लाय किंवा जाड प्लास्टिकची घ्या.

दार झालं की पुढचे दोन स्पीकर. फक्त पुढचे. सहसा साडेसहा इंची बसतात, पण गाडीप्रमाणे खोली मोजून घ्या, नाहीतर काच खाली करताना मॅग्नेटला लागते. जमलं तर कंपोनंट सेट घ्या, म्हणजे ट्वीटर वेगळा येतो आणि आरशामागच्या तिकोन्यात किंवा खांबावर बसवता येतो. गायकाचा आवाज पायाशी न येता डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. हा फरक पहिल्या आलापातच कळतो, कान तयार असायची गरज नाही. बजेट कमी असेल तर चांगला कोअ‍ॅक्सियल (ट्वीटर मधोमध असलेला एकच स्पीकर) घ्या, काही बिघडत नाही. मागच्या दारातले कंपनीचे आहेत तसे राहू द्या, फेडर (आवाज पुढे-मागे वाटणारं सेटिंग) थोडा पुढे घ्या.

डेक बदलायलाच हवा असंही नाही. आता डेक स्टिअरिंगच्या बटणांशी आणि कॅमेऱ्याशी जोडलेला असतो. जे काही कराल ते कप्लर (कंपनीच्या सॉकेटमध्ये बसणारा जोड) लावून करा. वायर कापू देऊ नका. याबाबतीत मला खरंच राग येतो. पाच मिनिटं वाचावीत म्हणून कंपनीची वायरिंग कापायची, वर काळी टेप गुंडाळायची, आणि पुढे वॉरंटी नाकारली की गिऱ्हाईक एकटं. कप्लर काही शेकड्यांत मिळतो. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला. अ‍ॅम्प बसवलात तर बॅटरीपासून वीतभर, फार तर हातभर अंतरात फ्यूज हवाच हवा. ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आगीपासून वाचवणारं दुसरं काही नाही. वायरही पूर्ण तांब्याची, वरून मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको.

आणखी बेस हवा असेल तर सीटखाली बसणारा आठ इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर, म्हणजे स्वतःचा अ‍ॅम्प असलेला, फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर. डिकी मोकळी राहते, गावाला जाताना तांदळाचं पोतं मावतं. काच हादरवणारा बेस तो देत नाही, आणि तसा बेस मला नकोच आहे. डग्गा डग्ग्यासारखा वाजला पाहिजे, एवढंच.

सेटिंगमध्ये लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद करा. बेस सहा डेसिबलने वाढवलात म्हणजे त्या स्वरांना चौपट ताकद मागितलीत, ती डेककडे नाहीच, मग फाटलेल्या आवाजाने ट्वीटर जळतो. सब असेल तर पुढच्या स्पीकरचा हाय पास (त्याखालचे स्वर अडवणारं सेटिंग) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, ते मोकळा श्वास घेतात. आणि फॉरवर्ड होत आलेल्या एमपी३ वर हे सगळं जोखू नका. चांगली फाइल पेनड्राइव्हवर घ्या किंवा फोन केबलने जोडा.

हातात दहा हजार असतील तर माझ्या मते पुढच्या दोन दारांचं डँपिंग (वर सांगितलेलं शीटचं काम) आणि पुढचे दोन स्पीकर, बस्स. पुढच्या वर्षी सब. स्क्रीन त्याच्याही नंतर, लागलीच तर.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच एक तपासणी करा. तबला किंवा ढोलकी असलेलं ओळखीचं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एका बाजूला नेल्यावर बेस वाढला आणि मध्ये आणल्यावर कमी झाला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्यात. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावला की कोन बाहेर येतो की आत जातो ते दिसतं. दोन्हीकडे सारखं हवं. मग काचा बंद करून खराब रस्त्यावर एक चक्कर मारा, आणि पॅड कुठे खरखरलं तर परत येऊन तिथल्या तिथे क्लिपा बदलून घ्या. पॅड काढताना त्या तुटतात, आणि बरेच जण तुटलेल्याच परत दाबून देतात.