‘ड्रॉइंगच शिकवत बसली असती’ म्हणणाऱ्यांना

नमस्कार. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. स्टिग्लिट्झ भेटला नसता तर ही बाई जन्मभर शाळेत ड्रॉइंगच शिकवत बसली असती.’

स्टिग्लिट्झ म्हणजे न्यूयॉर्कचा छायाचित्रकार आणि गॅलरीवाला, पुढे तिचा नवरा. दोघांच्या लग्नाचं साल मी १९२३ दिलं होतं, ते १९२४ हवं. दुरुस्त केलंय, आभार. पण एवढं सांगायला हा सूर कशाला? तीन आठवडे खपून लिहिलेल्या लेखाला असं झिडकारायचं?

त्या ‘ड्रॉइंगच’मधला ‘च’ मला लागला. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकांची पदविका) करून मी २६ वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना रविवारी घरी बोलावून स्थिरचित्रं करून घेतली. ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून माझे तास किती वेळा दुसऱ्या विषयांना गेले, मोजले नाहीत. रात्री ओटा आवरून मग स्वतःच्या चित्रासाठी कागद ताणायचा. तेव्हा शिकवणारी बाई काय करू शकते, ते मला तुमच्याकडून ऐकायचं नाही.

ओकीफने टेक्सासात अमरिलोच्या शाळांत शिकवलं, १९१२ पासून दोन वर्षं. १९१५ साली ती साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया कॉलेजात शिकवत होती. तिथे आपली जुनी चित्रं मांडून बघितली, तर प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या शिक्षकाचा हात दिसला. तिने रंग बाजूला ठेवले आणि नुसत्या कोळशाने पहिल्यापासून सुरुवात केली. ती अमूर्त चित्रं तिने अनिता पॉलिट्झर या मैत्रिणीला पाठवली, आणि मैत्रिणीने १ जानेवारी १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये ती स्टिग्लिट्झपुढे ठेवली. म्हणजे त्याची नजर पडायच्या आधीच ती चित्रं झालेली होती, शिकवता शिकवता! मे महिन्यात त्याने ती आपल्या ‘२९१’ गॅलरीत लावली, तिला न विचारता. ती जाब विचारायला गेली. नंतर पुन्हा टेक्सासात, कॅन्यनला, शिकवायलाच गेली आणि तिथे १९१७ मध्ये ‘ईव्हनिंग स्टार’ची जलरंगातली चित्रं केली.

त्याने तिची प्रदर्शनं भरवली, चित्रं विकली, हे मी लेखात लिहिलंय. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. पण तो १९४६ ला गेला आणि ती पुढे ४० वर्षं जगली. १९६५ मध्ये, ७७व्या वर्षी, न्यू मेक्सिकोत घोस्ट रँचच्या गॅरेजमध्ये तिने ढगांचं २४ फूट रुंद चित्र रंगवलं. तेव्हा कुठे होता स्टिग्लिट्झ?

तिने रंगवलेल्या फुलांच्या ‘खऱ्या अर्थाचं’, म्हणजे त्यांत स्त्रीदेह बघण्याचं म्हणाल, तर तो अर्थ तिने स्वतःच नाकारला होता. त्यात मी शिरत नाही. लेख लांबला म्हणत असाल, तर लांबला.

कॅन्यनच्या जलरंगांवर पुढचा लेख लिहिते आहे. पूर्ण वाचा आणि मगच प्रतिक्रिया द्या.